माकडाच्या पेशीत अडणारा एचआयव्ही माणसाच्या पेशीत का अडत नाही?

कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: ‘आपल्या पेशींत ट्रिम-५, एपोबेक, टेथरिन अशी व्हायरसला अडवणारी प्रथिनं जन्मापासूनच असतात असं शिकवलं. मग एचआयव्ही किंवा डेंगी होतोच कसा? ही प्रथिनं शरीरात वाढवली, किंवा माकडाची आणून बसवली, तर काम होणार नाही का? आणि या विषयावर कोल्हापुरात बसून छोटा प्रकल्प करता येईल का?’

मी आधी काही वर्षं एचआयव्हीच्या जनुकक्रमांवर काम केलं आणि आता इथंच शिकवतो, त्यामुळे उदाहरणं एचआयव्हीची जास्त येतील. अर्थात तो नुसता माझ्या सवयीचा भाग नाही. या प्रथिनांबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं त्या एकाच व्हायरसच्या मागे लागून कळलंय.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती आधी बाजूला काढू. ‘अडवणारं प्रथिन’ म्हटलं की अडवणं हा त्या प्रथिनाचा कायमचा गुण वाटतो, जसा साखरेचा गोडवा. पण अडवणं दोघांमध्ये घडतं. एकाच माकडाचं एकच प्रथिन एका व्हायरसला जागच्या जागी थोपवतं आणि त्याच्या चुलत भावाला बिनदिक्कत जाऊ देतं. म्हणून ‘हे प्रथिन व्हायरसला अडवतं का?’ हा अर्धाच प्रश्न झाला. कुणाचं प्रथिन, कुठला व्हायरस, कुठली पेशी आणि किती व्हायरस, हे विचारल्याशिवाय उत्तर येत नाही.

दुसरं असं, की आपल्याला आजारी पाडणाऱ्या व्हायरसची यादी मुळातच गाळून आलेली असते. जे आपल्या पेशीत अडले ते आजार म्हणून कधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत दिसलेच नाहीत. २०२२ साली राज्यभर लम्पीची साथ होती. गोठ्यात फोडांनी भरलेल्या गाईला रोज औषध लावणाऱ्या, तिचं शेण काढणाऱ्या माणसाला लम्पी झाला नाही, कारण तो व्हायरस माणसात चालत नाही. ‘आज माझ्या पेशींनी व्हायरस परतवला’ अशी नोंद कुणी ठेवत नाही. तेव्हा ‘प्रथिनं असूनही आजार होतो’ यावरून ती निकामी आहेत असा निष्कर्ष काढला, तर फक्त नापासांच्या उत्तरपत्रिका पाहून शाळेचा निकाल लावल्यासारखं होईल.

आता ट्रिम-५ अल्फा. हे प्रथिन २००४ मध्ये जोसेफ सोड्रोस्की यांच्या प्रयोगशाळेतून पुढं आलं. कोडं जुनं होतं. रीसस माकडाच्या पेशीत एचआयव्ही-१, म्हणजे एचआयव्हीचा जगभर पसरलेला मुख्य प्रकार, शिरतो, पण आरएनएची डीएनए प्रत तयार व्हायच्या आतच खेळ संपतो. ट्रिम-५ अल्फा आत आलेल्या व्हायरसच्या कवचावर षटकोनी जाळीसारखं बसतं आणि कवच अवेळी फुटतं. माणसातही ट्रिम-५ अल्फा आहे, त्याची रचना तशीच आहे, तरीही एचआयव्ही-१च्या कवचावर त्याची पकड नीट बसत नाही. फरक किती? माणसाच्या प्रथिनात ३३२व्या जागी आर्जिनिन असतं, तिथं रीससप्रमाणे प्रोलिन घातलं की माणसाचंच प्रथिन एचआयव्ही-१ला चांगलं अडवायला लागतं. एका अमिनो आम्लाची ही करामत.

मग माणसाचं प्रथिन ‘कच्चं’ आहे का? नाही. उंदरांच्या ल्युकेमिया व्हायरसचा एन नावाच्या प्रकाराला माणसाचं ट्रिम-५ अल्फा व्यवस्थित अडवतं. आपल्या पूर्वजांच्या पेशींची गाठ कुठल्या तरी वेगळ्या व्हायरसशी पडली, त्या झगड्यात हे प्रथिन घडलं. एचआयव्ही-१ माणसात पसरायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जनुकांच्या हिशेबात हा काळ म्हणजे कालपरवाच.

याच गोष्टीतला आउल मंकीचा किस्सा मला फार आवडतो. एचआयव्हीचं कवच पेशीतल्या सायक्लोफिलिन-ए या प्रथिनाला चिकटतं, आणि माणसाच्या पेशीत त्यामुळे त्याला ट्रिम-५ अल्फापासून संरक्षण मिळतं. आउल मंकीत मात्र केव्हातरी सायक्लोफिलिनच्या जनुकाची एक प्रत उडी मारून नेमकी ट्रिम-५च्या जनुकात जाऊन बसली. परिणामी तिथं तयार होणाऱ्या जोड-प्रथिनाचं एक टोक सायक्लोफिलिनचं आणि बाकीचं ट्रिमचं. व्हायरस ज्याच्या आडोशाला जातो त्यानंच त्याची मानगूट धरावी, असा प्रकार.

एपोबेक-३जी जरा सावकाश सांगतो, कारण इथं पळवाट अगदी डोळ्यांनी पाहता येते.

एचआयव्हीत व्हिफ नावाचं छोटं प्रथिन आहे. ते काढून टाकलेला व्हायरस काही सेल लाइनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींत, मजेत वाढायचा, काहींत अजिबात नाही. दोन शक्यता होत्या: ज्या पेशीत तो वाढत नाही तिच्यात काही तरी कमी आहे, किंवा काही तरी जादा आहे. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत विलीन करून पाहिल्या. उणीव असती तर दुसऱ्या पेशीनं ती भरून काढली असती आणि व्हायरस वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे काही तरी जादा होतं, अडवणारं होतं. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगतो, कारण यात महागडं यंत्र नाही, नुसता चोख विचार आहे. पुढं २००२ मध्ये मायकेल मालिम यांच्या प्रयोगशाळेत ॲन शीही आणि सहकाऱ्यांनी दोन जवळच्या सेल लाइनची तुलना करून ते जनुक पकडलं. तेच एपोबेक-३जी.

हे प्रथिन ज्या पेशीत व्हायरस तयार होतो तिथं काहीच गडबड करत नाही. गुपचूप नव्या व्हायरसकणाच्या आत जाऊन बसतं. तो कण पुढच्या पेशीत गेला, आरएनएवरून डीएनएची पहिली साखळी बनायला लागली, की तिच्यातले सायटोसिन (डीएनएचं सी हे अक्षर) खरडून त्यांचे युरेसिल करत सुटतं. समोरची साखळी बनताना युरेसिलसमोर ए (ॲडेनिन) येतो, म्हणून व्हायरसच्या जनुकक्रमात जिथं जी (ग्वानिन) हवा तिथं ए दिसायला लागतात. शेकडो ठिकाणी असं झालं की व्हायरसचा मजकूरच वाचण्याजोगा राहत नाही.

माझ्या हाताखालून असे क्रम बरेच गेलेत. रुग्णाच्या पेशींतल्या डीएनएवरून एचआयव्हीचा क्रम काढला, संगणकावर नेहमीच्या क्रमाखाली लावून पाहिला, की सगळं सरळ चाललेलं असताना एखादाच क्रम भलताच निघतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा संकेत, टीजीजी. तो जागोजाग टीएजी झालेला, म्हणजे थेट थांबा-खूण. आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या एन्झाइमच्या मध्येच प्रथिन संपतंय. नवखा माणूस म्हणतो, सिक्वेन्सिंग बिघडलं, परत करू. पण सगळे बदल जीचे ए, आणि तेही बहुतेक जीजी अशा जोडीतल्या पहिल्या जीचे, असं दिसलं की समजायचं, इथं एपोबेक-३जी येऊन गेलंय आणि हा व्हायरस पेशीतच मेलाय.

यात एक व्यावहारिक खोच आहे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या १८४व्या जागी मेथिओनिनचं आयसोल्यूसिन झालं की लॅमिवुडिन या एचआयव्हीवरच्या औषधाला दाद न देणारा व्हायरस म्हणून आपण त्याची नोंद करतो. पण तो बदल एटीजीचा एटीए, म्हणजे पुन्हा जीचा ए. पेशीतल्या डीएनएवरून चाचणी केली असेल आणि त्याच क्रमात थांबा-खुणाही दिसत असतील, तर ही औषधाला पुरून उरलेली जिवंत जात आहे की एपोबेकने मारलेल्याचे व्रण आहेत, हे ठरवल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही.

आता पळवाट. व्हिफ हे एपोबेक-३जीला एका हातानं धरतं आणि दुसऱ्या हातानं पेशीचीच कचरा ठरवणारी यंत्रणा, म्हणजे कलिन-५ आणि तिचे जोडीदार, ओढून आणतं. या जुळणीसाठी सीबीएफ-बीटा हे आपलंच आणखी एक प्रथिन ते उसनं घेतं. एपोबेकवर युबिक्विटिनचा, म्हणजे ‘हे मोडीत काढा’ असा, शिक्का बसतो आणि प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिन किती आहे ते पट्ट्यांवरून (बँड) कळतं, तिथं हे लख्ख दिसतं: पहिल्या लेनमध्ये एपोबेक-३जीचा ठसठशीत बँड, शेजारी व्हिफ दिलेल्या लेनमध्ये तो पुसट, आणि त्याच पेशींना प्रोटिआसोम बंद करणारं एमजी-१३२ दिलं की बँड परत हजर. हे तीन लेन शेजारी शेजारी पाहिले की पाठ्यपुस्तकातली पानं वाचायची गरज उरत नाही.

इथंही जातीचा प्रश्न आहेच. माणसाच्या एपोबेक-३जीत १२८व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे, आफ्रिकन ग्रीन मंकीत तिथं लायसिन. एचआयव्ही-१चं व्हिफ माणसाचं प्रथिन संपवतं, त्या माकडाचं नाही. ही एक जागा बदलली की निकाल उलटा होतो. व्हिफ माणसाच्या एपोबेकला ‘ओळखतं’ असं आपण बोलताना म्हणतो, पण व्हायरसला डोकं नाही. असंख्य प्रतींमध्ये चुका होत राहतात, ज्या प्रतीची चूक उपयोगी पडली तिचीच पुढं वंशावळ चालते, एवढाच त्याचा अर्थ.

टेथरिनची गोष्ट याच सूत्राला पुढं नेते. २००८ मध्ये त्याचं काम कळलं. या प्रथिनाची दोन्ही टोकं पटलात रुतलेली असतात. व्हायरसकण पेशीतून सुटून बाहेर पडताना एक टोक पेशीच्या पटलात आणि एक कणाच्या पटलात अडकतं, त्यामुळे कण पेशीला लटकून राहतो. चिंपांझीच्या व्हायरसचं नेफ हे प्रथिन चिंपांझीच्या टेथरिनला शेपटाकडून धरून बाजूला करतं. माणसाच्या टेथरिनच्या शेपटात नेमकी तीच पाच अमिनो आम्लं नाहीत. चिंपांझीतून आलेला व्हायरस इथं अडकायला हवा होता. एचआयव्ही-१च्या, जगभर पसरलेल्या एम गटानं नेफ सोडून व्हीपीयू या दुसऱ्याच प्रथिनाकडून ते काम करून घेतलं. एचआयव्ही-२नं तेच काम स्वतःच्या आवरणातल्या प्रथिनावर सोपवलं. एक अडथळा, पार करण्याच्या तीन तऱ्हा. एम गटच का जगभर पसरला, याला माणसांचा प्रवास, शहरं, सुया अशी बरीच कारणं आहेत. पण टेथरिनवर चांगला उतारा सापडणं त्यातलं एक असावं, असं मानणारे बरेच आहेत आणि मीही त्यांच्यातला.

आत्तापर्यंतचं एका दमात: ट्रिम-५ आत येताना पकडतं, एपोबेक प्रत बनताना मजकूर बिघडवतं, टेथरिन बाहेर जाताना धरतं. व्हायरस कवचाचं रूप बदलून निसटतो, अडवणाऱ्याचीच विल्हेवाट लावतो, किंवा त्याला जागेवरून हलवतो. आणि प्रत्येक ठिकाणी मोजक्याच अमिनो आम्लांनी डाव फिरतो.

चौथी तऱ्हा नक्कल करण्याची. पीकेआर हे प्रथिन दुपदरी आरएनए दिसला की जागं होतं आणि ईआयएफ-२ अल्फा या घटकावर फॉस्फेट लावून पेशीतली सगळी प्रथिननिर्मिती थांबवतं. चोरीचा ऊस गाळपाला येतोय असं कळल्यावर कारखान्याचं गाळपच बंद ठेवावं, तसं. सभासदांचंही नुकसान होतं, पण चोराची साखर तयार होत नाही. पॉक्स कुळातला व्हॅक्सिनिया व्हायरस यावर के-३-एल नावाचं प्रथिन बनवतो. ते दिसायला ईआयएफ-२ अल्फासारखं. पीकेआर त्याच्याशीच झटत बसतं आणि खरा ईआयएफ-२ अल्फा मोकळा राहतो.

२०१२ मध्ये नेल्स एल्डी, हरमीत मलिक आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग छापला. त्यांनी व्हॅक्सिनियाचं पीकेआरविरुद्धचं दुसरं हत्यार, ई-३-एल, काढून घेतलं आणि व्हायरस माणसाच्या पेशीत पुन:पुन्हा वाढवला. माणसाच्या पीकेआरसमोर के-३-एल तसं कमजोर. व्हायरसनं आधी काय केलं, तर त्याच जनुकाच्या प्रतींवर प्रती वाढवल्या. नक्कल फारशी जमत नसेल तर ती ढिगानं करा, असा हिशेब. मग प्रती जास्त म्हणून चुकांना वावही जास्त. त्यातल्या एखाद्या प्रतीत ४७व्या जागी हिस्टिडिनचं आर्जिनिन झालं, आणि ती प्रत पीकेआरला भारी पडली. पॉक्स व्हायरस एचआयव्हीसारखे भराभर बदलत नाहीत, तरी ते अडथळे कसे ओलांडतात, याचं उत्तर यात मिळतं. लम्पीही याच पॉक्स कुळातला. या कुळातले व्हायरस पेशीत शिरायला फारसे निवडक नसतात. कुठल्या प्राण्यात चालायचं, हे बऱ्याच अंशी आत गेल्यावर ठरतं.

तुम्ही डेंगीबद्दल विचारलंय. पावसाळा आला की आपल्याकडे घरोघरी कुंड्या आणि टाक्या तपासत फिरावं लागतं, पण प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला हाच व्हायरस टोचला तरी त्याला विशेष काही होत नाही. डेंगीचं एनएस-५ प्रथिन माणसाच्या स्टॅट-२ला संपवतं. स्टॅट-२ म्हणजे बाहेरून आलेला इंटरफेरॉनचा, म्हणजे पेशींनी एकमेकींना धोका कळवायला सोडलेल्या प्रथिनाचा, इशारा केंद्रकापर्यंत नेणारा दूत. तो गेला की शेकडो बचावाची जनुकं झोपलेलीच राहतात. उंदराच्या स्टॅट-२चं मात्र एनएस-५ काही वाकडं करू शकत नाही. म्हणून डेंगीच्या लसींवर, औषधांवर काम करणाऱ्यांना इंटरफेरॉनचे ग्राहीच नसलेले खास उंदीर वापरावे लागतात. अशा उंदरात एखादं औषध चाललं अशी बातमी वाचाल, तेव्हा त्या उंदराची बचावफळी आधीच काढून घेतलेली होती, हे लक्षात ठेवा.

बर्ड फ्लूचं थोडक्यात. २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नवापूरला झाला; कोंबड्या मेल्या. पक्ष्यांकडून येणारे फ्लू माणसात सहजी का पसरत नाहीत, याच्या अनेक कारणांत एमएक्स-ए हे आपलं प्रथिन आहे. १९१८ आणि २००९ च्या साथींतल्या फ्लूच्या न्यूक्लिओप्रोटीनमध्ये, म्हणजे त्याच्या आरएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनात, एमएक्स-एला चुकवणारे बदल सापडतात. त्या बदलांची किंमत व्हायरसला मोजावी लागते, दुसरीकडे तो थोडा अडखळतो. पळवाट फुकट नसते, आणि औषध शोधणाऱ्यांची सगळी आशा नेमकी त्या किमतीवर असते.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे, ते. एक म्हणजे व्हायरसची संख्या. ट्रिम-५ अल्फा मोजकंच असतं. एकाच पेशीवर कणांचा मारा केला तर सुरुवातीचे कण त्याला गुंतवून ठेवतात आणि बाकीचे निघून जातात. दुसरं, पेशी कुठली. सॅमएचडी-१ हे प्रथिन डीएनए बनवायचा कच्चा मालच संपवतं, पण ते परिणामकारक असतं विभाजन न होणाऱ्या पेशीत. सतत विभाजणाऱ्या सेल लाइनमध्ये त्याचा प्रभाव दिसत नाही. एचआयव्ही-२कडे त्यावर व्हीपीएक्स हा उतारा आहे, एचआयव्ही-१कडे नाही, आणि तरीही जगभर एचआयव्ही-१च पसरलाय! एका प्रथिनावरून साथीचं भविष्य सांगू नये ते यासाठी. तिसरं, इंटरफेरॉन येऊन गेलाय का. त्यानं यातली बरीच प्रथिनं कितीतरी वाढतात.

आणि शोधनिबंध वाचताना माझी एक सवय सांगतो. २९३-टी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशीत बाहेरून जनुक कोंबून, प्रथिनाचा पूर आणून व्हायरस अडला, एवढंच दाखवलं असेल, तर मी ते अर्धं मानतो. पेशीचं स्वतःचं प्रथिन काढून टाकल्यावर व्हायरस वाढला, असं दाखवलं की मग पूर्ण.

‘ही प्रथिनं वाढवता येतील का?’ येतात. इंटरफेरॉन टोचलं की वाढतात. हेपेटायटिस सीवर वर्षानुवर्षं तेच देत होतो. ज्यांनी ते घेतलं त्यांना विचारा: ताप, अंगदुखी, थकवा, कुणाला नैराश्य. ही यंत्रणा कायम चालू ठेवण्यासाठी नाहीच. ज्यांच्यात सॅमएचडी-१ जन्मतःच बिघडलेलं असतं अशा काही बाळांना कुठलाही संसर्ग नसताना इंटरफेरॉन सतत चालू राहून मेंदूचा गंभीर आजार होतो. त्यामुळे ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून बाटली विकणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: कुठलं प्रथिन, कुठल्या पेशीत, आणि मोजलं कशानं? काढा घशाला बरा वाटतो, जरूर घ्या. त्याचा ट्रिम-५शी संबंध जोडू नका.

माकडाचं ट्रिम-५ बसवायचं म्हटलं तर ते जनुक पेशीच्या डीएनएत घालावं लागेल, तेही पुरेशा पेशींत आणि सुरक्षितपणे. फ्लास्कमध्ये हे होतं. रुग्णाच्या शरीरात हा फार लांबचा, खर्चिक रस्ता. व्हिफला अडवून एपोबेक मोकळं सोडायची कल्पनाही जुनी आहे, तसं औषध अजून दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यात मला एक धाकधूकही वाटते. व्हिफ अर्धवट अडलं आणि खरडपट्टी थोडीच झाली, तर व्हायरस न मरता त्याला नव्या बदलांचा पुरवठाच व्हायचा. पण ट्रिम-५नं दाखवलेली जागा वाया गेली नाही. कवच फार लवकर फुटलं किंवा फुटलंच नाही, तरी व्हायरस फसतो. लेनाकापाविर हे औषध याच कवचाला धरतं. अमेरिकेत २०२२ मध्ये ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या एचआयव्हीसाठी मंजूर झालं आणि २०२५ मध्ये संसर्ग टाळण्यासाठीही, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन म्हणून. प्रथिन जसंच्या तसं उचलून आणण्यापेक्षा त्यानं दाखवलेल्या दुखऱ्या जागेवर औषध शोधणं, मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

राहिला प्रकल्प. जिवंत एचआयव्हीचा विचार सोडा, त्याला लागणारी बंदिस्त प्रयोगशाळा महाविद्यालयात नसते. पण या विषयाचा उगमच बॅक्टेरियात आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लुरिया आणि ह्यूमन, बर्टानी आणि वाइगल यांनी पाहिलं, की एका जातीच्या ई. कोलायवर वाढवलेला फेज, म्हणजे बॅक्टेरियांना लागणारा व्हायरस, दुसऱ्या जातीच्या ई. कोलायवर जवळजवळ वाढतच नाही. परका डीएनए कापणारी एन्झाइम्स त्यातूनच कळली. वर्नर आर्बर यांना १९७८ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. यजमानाचं प्रथिन, व्हायरस आणि पळवाट, सगळं पेट्री डिशमध्ये.

लॅम्डा फेजचा उग्र प्रकार घ्या, जो पेशीत निपचित पडून राहत नाही. तो ई. कोलायच्या सी या जातीवर वाढवा, तिथं कापणारं एन्झाइम नाही. मग तोच साठा दहा-दहा पट पातळ करत एकीकडे सीवर आणि दुसरीकडे के-१२च्या एमजी-१६५५ या जातीवर ओता आणि प्लाक, म्हणजे फेजनं बॅक्टेरिया मारून पाडलेले स्वच्छ ठिपके, मोजा. सीवर हजारो प्लाक पडतात त्याच पातळीला एमजी-१६५५वर एखादा दिसला तर दिसला. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये डीएच-५-अल्फा पडलेली असेल, म्हणून के-१२ समजून ती घेऊ नका. तिचं कापणारं एन्झाइम बंद आहे पण डीएनएवर मेथिलचा शिक्का लावून तो कापला जाण्यापासून वाचवणारं चालू आहे. तुम्हाला अडथळा दिसणारच नाही, वर तिच्यातून निघालेला फेज मेथिल घेऊन बाहेर पडेल. सी मिळाली नाही तर साधी बीएल-२१ पाहा, तिच्यात दोन्ही कामं बंद असतात. जाती कुठल्या संग्रहाकडे आहेत, हे पुण्याच्या एनसीआयएमकडे आणि चंदीगडच्या एमटीसीसीकडे विचारून घ्या.

कोल्हापूरच्या जयंती नाल्याच्या पाण्यातून स्वतः फेज काढायचा मोह होईल. काढा, पण तो एमजी-१६५५वर अडला नाही तर प्रयोग फसला असं समजू नका. टी-४ सारखे फेज आपल्या डीएनएतला सायटोसिनच बदलून त्यावर साखर लावून येतात. टी-७ तर आत शिरताच डीएनएसारखं दिसणारं ओसीआर नावाचं प्रथिन बनवतो आणि एन्झाइमला त्यातच गुंतवतो. के-३-एलची आठवण होते ना? नाल्यातले फेज रोज अशाच बॅक्टेरियांतून वाढतात, त्यामुळे उतारा घेऊनच आलेले असायची शक्यता बरीच.

खरी गंमत त्या एखाद्या वाचलेल्या प्लाकमध्ये आहे. टोकानं तो उचला, एमजी-१६५५वरच वाढवा, परत एमजी-१६५५वर घाला. आता तो बिनदिक्कत वाढेल. मार्गदर्शकांना लगेच ‘म्युटंट मिळाला’ म्हणून सांगायला जाऊ नका. तोच फेज एक वेळ सीमधून काढा आणि पुन्हा एमजी-१६५५वर तपासा. परत अडला तर तो बदल जनुकातला नव्हता, निव्वळ मेथिलचा शिक्का होता, सीमध्ये गेला आणि पुसला. अडला नाही, तरच पळवाट वारशात उतरली असं म्हणता येईल. प्रत्येक वेळी फेजच्या साठ्यात क्लोरोफॉर्म घालून उरलेले बॅक्टेरिया मारा, नाहीतर आधीच्या प्लेटवरची जात पुढच्या प्लेटवर वाढेल आणि तुम्ही भलत्याच पेशीवरचे प्लाक मोजत बसाल. आणि फेज न घातलेली एक प्लेट दर खेपेला ठेवाच.